सोजरआक्कांचे पाय आणि दाराजवळची सीट

आधीच सांगून टाकते, या सगळ्या प्रकरणात चूक माझी होती. उद्या कुणीतरी शोधून काढण्यापेक्षा आपल्याच तोंडानं सांगितलेलं बरं. मी पूर्णिमा, माहेर कसबा पेठेतलं. चूक कबूल करायची पद्धत आमच्या माहेरी नव्हती, त्यामुळे हे मला किती जड जातंय ते जरा समजून घ्या.

सोजरआक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. वाघोलीच्या सातवांच्या घरात त्या माझ्या आधी सहा वर्षं आल्या. माहेर लोणी काळभोर, तिथल्याच काळभोरांचं. उंची पाच फूट अकरा इंच. आजच्या पोरींना सांगितलं की त्या म्हणतात, "वॉव!" पंचेचाळीस वर्षांपूर्वी लोणीत कुणी वॉव म्हणत नव्हतं. "हिला नवरा कुठून आणायचा?" असं म्हणायचे. पाहुणे यायचे, आक्का पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर यायच्या आणि पाहुणे माना वर करून बघायचे. पोहे संपवायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. शेवटी काळभोरांनी मध्यस्थाला सांगितलं, उंची पाच सात सांग. पुढच्या वेळी पाहुणे यायच्या आधीच आक्कांना सतरंजीवर बसवलं आणि ते जाईपर्यंत उठू दिलं नाही. ते पाहुणे म्हणजे आमचे हिंदुराव भाऊजी. ते स्वतः पाच सात. जोडा शोभतो, म्हणून लग्न ठरलं.

बिंग फुटलं ते मांडवात. नवरीचं अख्खं तोंड अंतरपाटाच्या वर! मामा लोकांनी अंतरपाट वर धरला, तर खालून नवरदेव दिसायला लागला. मंगलाष्टकं थांबली, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग सासूबाईंनी हुकूम सोडला आणि भाऊजींच्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले. शेवटच्या 'सावधान'पर्यंत भाऊजी त्या दोन पाटांवर जीव मुठीत धरून उभे, आणि समोर आक्का साडीच्या आत गुडघे वाकवून. फोटोग्राफर शहाणा होता. पाट दिसू नयेत म्हणून त्यानं फोटो कमरेपर्यंतच घेतला. तो आजही आमच्या हॉलमध्ये लटकतोय.

तेव्हापासून आक्का घरात वाकल्या त्या वाकल्याच. आमच्या जुन्या घराचा दरवाजा बुटका होता हे निमित्त. पंक्तीत बसल्या की सासूबाई म्हणायच्या, "सोजर, पाय आवर." गाडीत बसल्या की, "पाय आवर." बाळंतपणात अंथरुणावर पडल्या तरी, "पाय आवर गं, जाणाऱ्या-येणाऱ्याला लागतात." फोटो काढायची वेळ आली की आक्का आपणहून एक पायरी खाली जायच्या किंवा पोरांना घेऊन खाली बसायच्या. अडतीस वर्षं मी त्यांच्यासोबत एका घरात राहतेय. त्या सरळ उभ्या राहिल्यावर किती उंच दिसतात, हे मला माहीतच नव्हतं. यात अतिशयोक्ती नाही.

गंमत बघा, हीच बाई एकतीस वर्षं खडकीच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. कारखान्यातल्या कामगारांच्या पोरी, एका वर्गात साठ. नाव सोजर, त्यामुळे पोरींनी 'सोल्जर मॅडम' करून टाकलं. मैदानावर त्यांचा आवाज रेल्वे स्टेशनपर्यंत जायचा म्हणे. पण तो मी कधी ऐकला नव्हता. संध्याकाळी वाघोलीला उतरल्या की चार पावलांत त्यांची पाठ वाकायची आणि आवाज पदरात जायचा. मी एकदा विचारलं, "आक्का, तुम्ही शाळेत खरंच ओरडता?" तर म्हणाल्या, "तो पगाराचा आवाज हाय, पुनी. घरी कशाला आणू?" आक्का एरवी शाळेतल्यासारखं बोलतात, पण मनातलं बोलायला लागल्या की लोणीच्या होतात.

भाऊजी जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगा विश्वजीत अमेरिकेत. तीन वर्षांपूर्वी त्यानं आईला पहिल्यांदा बोलावून घेतलं. दिल्लीहून सोळा तासांचं विमान आणि आक्कांना मिळाली मधली सीट. दोन्हीकडं माणसं, समोरच्यानं सीट मागं टाकलेली. त्यांचे गुडघे त्या सीटच्या पाठीत रुतले. समोरच्या माणसानं दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदा "गुडघे काढा" म्हणाला. काढून ठेवायचे कुठं, पिशवीत? आक्कांनी एक्केचाळीस वर्षांची सवय कामाला लावली आणि पाय आवरले. सोळा तास. उतरल्या तेव्हा उजवा गुडघा कलिंगडाएवढा. तीन महिन्यांच्या मुक्कामातले पाच आठवडे पलंगावर गेले आणि दहा वर्षांची नात शेफाली आज्जीला पाणी आणून देत बसली. परत आल्यावर आक्का म्हणाल्या, "संपलं. आता विमान लांबून बघायचं." लोहगावचा विमानतळ आमच्यापासून जवळ, त्यामुळे लांबून बघायची सोय उत्तम आहे.

ते 'संपलं' मोडलं शेफालीनं. पोरगी तेरा वर्षांची झाली आणि आज्जीवर गेली. पाच फूट आठ! व्हिडिओ कॉलवर दिसायची ती कायम टोपीवाल्या जाड स्वेटरमध्ये, खांदे पुढं, मान आत. शाळेत व्हॉलीबॉल खेळायची, ते सोडलं. पोरी काहीतरी नावानं हाक मारतात म्हणे. काय ते सांगेना. आक्का एका रविवारी तिला म्हणाल्या, "शेफाली, सरळ बस. उंची काय चोरीची आहे?"

शेफाली तिच्या त्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "आज्जी, तू पण तर वाकते. सगळ्या फोटोत."

मी शेजारी शेंगा सोलत होते. माझे हात थांबले.  आक्कांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि उठून गच्चीत गेल्या. अर्ध्या तासानं आल्या आणि स्वतः फोन लावला. "शेफाली, ऐक. मी येते. आणि पाय आवरून येणार नाही, पूर्ण लांब करून येणार. दुखऱ्या गुडघ्यानं उतरले तर तू जिंकलीस, तुझ्या स्वेटरात बस. सरळ चालत बाहेर आले, तर तू व्हॉलीबॉलला परत जायचं. कबूल?"

पलीकडून बारीक आवाज आला, "कबूल."

"ती पोरगी आत्ता वाकली ना, तर चाळीस वर्षं सरळ होणार नाही," आक्का मला म्हणाल्या. "मला म्हाईत हाय."

विश्वजीत म्हणाला, "आई, बिझनेस क्लासचं काढतो, आडवी झोपून ये." आक्का म्हणाल्या, "मला गादी नको. पायाला जागा पाहिजे." मग त्यानं सांगितलं की साध्या वर्गातही तशी एक रांग असते. संकटात बाहेर पडायचं दार असतं ना, त्याच्या शेजारची. दारापर्यंतची वाट मोकळी राहावी म्हणून तिथं पुढं सीट नसते. पाय कितीही लांबवा. फक्त अट अशी की तिथं बसणारा माणूस धडधाकट पाहिजे, सूचना समजल्या पाहिजेत आणि वेळ आली तर दार उघडून लोकांना बाहेर काढायची तयारी पाहिजे. पैसे भरून सीट आधी धरता येते, पण विमानतळावर माणूस बघूनच ती पक्की करतात.

हे ऐकून आक्का खूष! "म्हणजे ही सीट उंच माणसाची दया म्हणून देत नाहीत. कामाची आहे."

मग सुरू झाली तयारी. आठ महिने! विमानातल्या सीटांचा नकाशा नातवंडांच्या वर्गातल्या तक्त्यासारखा भिंतीवर लागला. त्यांनी शोधून काढलं की त्या रांगेत खिडकीची सीट घ्यायची नाही, कारण दाराचा फुगवटा आत येतो आणि एका पायाची जागा खातो. विमानाच्या भिंतीसमोरची पहिली रांगही नको, कारण तिथं पाळणे लावतात आणि सोळा तास दुसऱ्याच्या बाळाचं कौतुक करावं लागतं. दाराच्या रांगेत पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, म्हणून औषधं आणि चष्मा ठेवायला त्यांनी परकराला आतून खिसा शिवला. सगळं बघून तेवीस सी, अशी कडेची सीट ठरली. रोज पहाटे आमच्या सोसायटीचे अकरा मजले चढणं-उतरणं. सोसायटीतले आयटीवाले लिफ्टमधून उतरताना विचारायचे, "आज्जी, लिफ्ट बंद आहे का?" आक्का म्हणायच्या, "लिफ्ट चालू आहे, आज्जी पण चालू आहे."

मी सोबत जाणार होते. एकट्या नकोत म्हणून विश्वजीतनं माझंही तिकीट काढलं. माझी उंची चार फूट दहा. विमानाच्या सीटवर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे मला मागची साधी सीट चालणार होती.

आता माझी चूक.

तुम्ही पुण्यातले असाल तर तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडं अमेरिकेला मुलाकडं जाणारा प्रत्येक आई-बाप विमानतळावर व्हीलचेअर मागतो. पर्वती धावत चढणारी माणसं विमानतळाच्या दारात पांगळी होतात. कारण एकदा त्या खुर्चीत बसलं की रांग नाही, वाट चुकणं नाही, आणि तिकडच्या साहेबानं इंग्रजीत काही विचारलं तर खुर्ची ढकलणारा सांभाळून घेतो. आमच्या भिशीतल्या आठ जणींपैकी सात जणी अशाच गेल्यात. त्यांनी मला बजावलं, "पूर्णिमा, वेडेपणा करू नकोस, व्हीलचेअर सांगून ठेव." मला पटलं. मी आक्कांना न विचारता विश्वजीतला फोन केला. "दोघींना सांग रे. आणि नुसतं सांगू नकोस, चालवत नाही, इंग्रजी येत नाही, असं सगळं लिही, म्हणजे नीट बघतील." तो ऑफिसच्या गडबडीत. लिहिलं बिचाऱ्यानं.

निघायच्या दिवशी लोहगावला वेळेच्या तीन तास आधी पोचलो. दिल्लीहून पुढच्या विमानाचे बोर्डिंग पासही पुण्यातच मिळणार होते. आक्कांनी साधी कॉटनची साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. काउंटरवर नीरजा नावाची चुणचुणीत मुलगी होती. तिनं पासपोर्ट बघितले, काँप्युटरवर टकटक केली आणि म्हणाली, "मॅडम, आपली सीट बदललीय. तेवीस सी देता येणार नाही. एक्केचाळीस ई आहे."

"ई म्हणजे मधली," आक्का म्हणाल्या. नकाशा पाठ होता.

"हो मॅडम. आपल्या नावावर व्हीलचेअर आहे ना. व्हीलचेअरच्या पॅसेंजरना दाराजवळ बसवत नाहीत."

 असा काही नियम असेल हे भिशीत कुणी बोललंच नव्हतं. बोलणार कसं, दाराजवळची सीट मागितलीय कुणी त्यांच्यातल्या!

"व्हीलचेअर कुणाला? मला?" आक्कांनी विचारलं.

आणि मी काय केलं? मी खोटं बोलले. "अहो, त्यांच्या काँप्युटरची चूक असणार," म्हणाले आणि वर त्या मुलीवरच चढले. "काय हो, ह्या बाई स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत ते दिसतंय ना तुम्हाला? की दिसण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो?"

नीरजा शांत होती. तीही पुण्याचीच असणार. "मला दिसतंय, मॅडम. पण अर्ज आलाय तो न दिसण्याचा." तिनं वाचून दाखवलं. विश्वजीत सातव यांच्या मेलवरून, अकरा दिवसांपूर्वी. आई आणि काकू, दोघींनाही फार चालवत नाही. इंग्रजी समजत नाही. प्रवासात कुणावर तरी अवलंबून राहावं लागतं.

आक्का माझ्याकडं वळल्या. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "विश्वानं लिहिलं हे?"

 "मी सांगितलं त्याला, आक्का. सगळे सांगतात म्हणून सांगितलं. तुमची सीट जाईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं हो." मला रडूच आलं. मला सहसा रडू येत नाही, पण आठ महिने ते अकरा मजले मी बघितले होते.

आक्का काउंटरपुढं उभ्या. सवयीनं वाकलेल्या, पर्स छातीशी. मला वाटलं आता म्हणतील, चल घरी. आणि तिकडं ती पोरगी स्वेटरात मान घालून बसणार, कायमची. मनातल्या मनात मी सासूबाईंना सुद्धा नवस बोलले असते, इतकी माझी गाळण उडाली होती.

"पोरी," आक्का नीरजाला म्हणाल्या, "चुकलेलं आहे, आणि ते आमच्या घरातच चुकलंय. तुझा दोष नाही. पण मला तीच सीट पाहिजे. कुणाला भेटू?"

नीरजानं ड्युटी मॅनेजरला बोलावलं. टायवाला, चाळिशीचा. त्यानं मेल वाचला, आक्कांच्या पासपोर्टवरचं वय बघितलं आणि मान हलवली. "मॅडम, व्हीलचेअर रद्द करता येईल. पण ती रांग जबाबदारीची आहे. गरज पडली तर दार उघडायला मदत करावी लागते. ते जड असतं."

आक्कांनी शेजारी बघितलं. माझी बॅग. चिवडा, चकलीची भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या तीन बरण्या, बावीस किलो सातशे ग्रॅम. घरून मोजूनच आणली होती. त्यांनी ती एका हातानं उचलली आणि पट्ट्यावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. मग स्वतःचीही ठेवली.

मॅनेजर जरा मऊ झाला. "ठीक आहे. पण सूचना इंग्रजीतून असतात. इथं लिहिलंय, समजत नाही. समजा इमर्जन्सी आली आणि लोक घाबरून पळायला लागले, तर तुम्ही काय कराल? इंग्लिशमध्ये सांगू शकाल?"

 आक्कांचं इंग्रजी म्हणजे काय, तर पी.टी.चं. त्यांना इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारता येत नाहीत. कसे आहात विचारलं तर 'गुड गुड' म्हणून गप्प बसतात. एकतीस वर्षांत त्यांनी इंग्रजीत फक्त हुकूम दिले होते.

आक्कांनी पर्स माझ्या हातात दिली. एक पाऊल मागं घेतलं. टाचा जुळवल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या वाढल्या हो! आधी गुडघे सरळ झाले, मग पाठ, मग मान. मॅनेजरची नजर त्यांच्या कपाळावर होती, ती हनुवटीवर आली. अडतीस वर्षांनी मला कळलं की आमच्या घरात एवढी उंच बाई राहते.

"अटेन्शन!"

तो आवाज! अख्खा विमानतळ गप्प झाला. "लीव्ह युअर बॅग्ज! धिस साइड! वन बाय वन! नो पुशिंग! नो टॉकिंग! टॉल गर्ल्स, हेल्प द शॉर्ट गर्ल्स! मूव्ह!"

मी शपथेवर सांगते, लोक हलले. शेजारच्या रांगेतल्या एका तरुणानं कानातला हेडफोन काढून हातातली बॅग खाली ठेवली. कॉलेजच्या पोरींचं एक टोळकं सेल्फी काढत होतं, त्यांची आपोआप एकेरी रांग झाली. दारातला बंदूकवाला जवान ताठ उभा राहिला. आणि मी, चौसष्ट वर्षांची बाई, दोन्ही पर्स घेऊन डावीकडं सरकले.

मॅनेजरनं घसा साफ केला. "टॉल गर्ल्स?" त्यानं हळूच विचारलं.

"सवय," आक्का म्हणाल्या. "पण नियम तोच. उंचांनी बुटक्यांना आधी काढायचं. मग आपण."

"तेवीस सी द्या मॅडमना," तो नीरजाला म्हणाला. काँप्युटरमधली आमच्याबद्दलची नोंदही त्यानं तिला बदलायला लावली. नीरजानं बोर्डिंग पास देताना हसून विचारलं, "मॅडम, कुठल्या शाळेत होता?" तेवढ्यात दोन व्हीलचेअर घेऊन दोन माणसं आली आणि आमची नावं पुकारायला लागली. आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

"मी चालते, आक्का."

"चल मग. लेफ्ट, राइट."

त्यांनी मला आत दारापर्यंत आपल्या पावलानं चालवलं. त्यांचं एक पाऊल म्हणजे माझी अडीच. दिल्लीतही तेच. तिथला तो अफाट विमानतळ मी फरफटत पार केला आणि एका शब्दानं तक्रार केली नाही. करायला तोंड होतं कुठं?

विमानात हवाईसुंदरीनं परत तोच प्रश्न विचारला, मदत करायची तयारी आहे का? आक्का म्हणाल्या, "येस. रेडी." विमान वर गेल्यावर मी मागून बघायला आले. आक्का बसल्या होत्या आणि पाय सरळ, पूर्ण सरळ, पुढं पसरलेले. पांढरे बूट मोकळ्या जागेच्या मध्यावर. सासूबाई असत्या तर! मला म्हणाल्या, "पुनी, फोटो काढ. पायांचा काढ, तोंड नसलं तरी चालेल." दर दोन तासांनी त्या उठून माझ्या एक्केचाळिसाव्या रांगेपर्यंत यायच्या, मला उठवायच्या आणि विमानाला चकरा मारायला लावायच्या. शेजारचा गुजराती गृहस्थ तिसऱ्या चकरेला आपणहून आमच्यात सामील झाला.

सोळा तासांनी उतरलो. इमिग्रेशनच्या साहेबानं आक्कांना विचारलं, कशासाठी आलात? आक्का म्हणाल्या, "ग्रँडडॉटर. व्हॉलीबॉल." त्यानं शिक्का मारला. आणि आम्ही बाहेर आलो. आक्का पुढं, ट्रॉली ढकलत, ना लंगडणं ना थांबणं. समोर विश्वजीत हात हलवत होता आणि त्याच्या मागं लपून शेफाली, तोच स्वेटर, तेच खांदे. तिची नजर थेट आज्जीच्या गुडघ्यांवर गेली. मग वर वर गेली.

"आज्जी, तू उंच झालीस?"

"नाही गं. होतेच."

सीटचा घोळ मी दिल्लीहूनच फोनवर कळवला होता, त्यामुळे विश्वजीतनं आईच्या पाया पडून पहिलं काय म्हटलं असेल, तर "आई, सॉरी." आक्का म्हणाल्या, "काकूला विचार, तिची चूक आहे." म्हणून म्हटलं ना, आधीच सांगितलेलं बरं. मग त्यानं एका माणसाच्या हातात फोन दिला, सगळ्यांचा फोटो काढ म्हणून. विश्वजीत बापावर गेलाय, पाच सात. सवयीनं बोलून गेला, "आई, तू जरा ट्रॉलीवर बस ना, म्हणजे सगळे नीट येतील." आणि मी बघितलं, आज्जीला सांगितलेलं ऐकून शेफालीनं आपोआप गुडघे वाकवले. तिला कुणी काही म्हटलंसुद्धा नव्हतं.

आक्कांनी तिच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, हात ठेवला. ती पोरगी सरळ होईपर्यंत काढला नाही.

"विश्वा," त्या म्हणाल्या, "मी बसणार नाही. ज्याला उंची कमी पडतीय, त्यानं पाट आणावा."

"पाट म्हणजे काय?" शेफालीनं विचारलं.

"सांगते. आधी समोर बघ."

त्या फोटोत मी ट्रॉलीवरच्या बॅगांमागं फक्त केसांपुरती आले आहे. विश्वजीत टाचा उंचावून उभा आहे, ते लपत नाही. आणि शेजारी दोघी, आज्जी-नात, पार बुटांपर्यंत, सरळच्या सरळ. वाघोलीला आल्यावर तो मोठा करून हॉलमध्ये लग्नाच्या फोटोशेजारी मीच लावला. येणारेजाणारे विचारतात, दोन्हींत आक्काच आहेत ना, मग एवढा फरक कसा? मी सांगते, नीट बघा. ह्याच्यात पाय दिसतात.